जुनी ब्रिटिश इंजिने अल्पायुषी नव्हेत

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत जुन्या मोटारींविषयी आलेला लेख आवडीने वाचला. मात्र ब्रिटिश स्पोर्ट्स गाड्यांची इंजिने मुळातच कमी टिकतात आणि म्हणून हौशी मालकाने ती काढून एखादे आधुनिक इंजिन बसवावे, हा त्यातील सल्ला मला फार खटकला. मी यंत्र अभियंता आहे, अनेक वर्षे कॉव्हेन्ट्रीत राहतो आणि १९६७ सालची एमजीबी ही एमजी कंपनीची ब्रिटिश स्पोर्ट्स गाडी स्वतः सांभाळतो. त्या अनुभवावरून हे पत्र लिहीत आहे.

ही इंजिने आजच्या इंजिनांपेक्षा लवकर झिजत, हे खरे आहे. परंतु त्याची कारणे पाहिली, तर दोष धातूकडे फारसा जात नाही. थंडीत चोक ओढून गाडी सुरू केली की जास्तीचे पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचे तेल धुऊन नेते आणि पिस्टनच्या रिंगा कोरड्या भिंतीवर घासतात. जवळच्या जवळ फेऱ्या मारणाऱ्या गाडीत तेल पुरेसे तापत नाही, त्यामुळे त्यात साचलेले पाणी व आम्ल तसेच राहून बेअरिंग खात बसते. शिवाय या गाड्यांचे गिअरिंग आखूड होते, म्हणजे त्याच वेगासाठी इंजिनाला जास्त फिरावे लागे. ओव्हरड्राइव्ह (इंजिनाचे फेरे कमी करणारा जास्तीचा गिअर) नसलेली एमजीबी ताशी ७० मैल वेगाने नेली, तर इंजिन मिनिटाला सुमारे ३,९०० फेरे घेते. ओव्हरड्राइव्ह असेल तर तेच ३,१०० च्या आसपास राहतात. तेवढ्याच अंतरासाठी एक इंजिन दुसऱ्यापेक्षा पाव पट अधिक फिरले, तर दोघांचे आयुष्य सारखे कसे असेल?

उलट, हे इंजिन पुन्हा बांधता यावे अशीच त्याची रचना होती. एमजीबीचा १,७९८ सीसीचा ब्लॉक जाड बिडाचा आहे. त्याचा बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) टप्प्याटप्प्याने ०.०४० इंचापर्यंत वाढवून मोठे पिस्टन घालता येतात, क्रँकशाफ्टचे (पिस्टनच्या जोराने फिरणाऱ्या मुख्य दांड्याचे) जर्नल, म्हणजे बेअरिंगमध्ये फिरणारे भाग, घासून त्या मापाची अंडरसाइज बेअरिंग बसवता येतात, आणि त्याही पुढे ब्लॉक झिजला तर त्यात स्लीव्ह, म्हणजे नवी नळी, ठोकता येते. गाडी १९६२ मध्ये आली तेव्हा क्रँकला तीन मुख्य बेअरिंग होती. १९६४ च्या अखेरीस ती पाच करण्यात आली आणि इंजिनाचा खालचा भाग बराच भक्कम झाला. ट्रायम्फच्या टीआर२ ते टीआर४ या गाड्यांत तर बोअर करण्याचीही गरज नाही, कारण त्यांचे सिलिंडर म्हणजे पाण्यात उभे असलेले वेगळे लायनर आहेत. जुने उपसून नवे बसवायचे आणि खालच्या गॅस्केटवर त्यांची उंची नीट मोजून घ्यायची. याच घराण्यातले इंजिन फर्ग्युसनच्या ट्रॅक्टरमध्ये होते, हे सांगितले म्हणजे त्याच्या चिवटपणाबद्दल वेगळे लिहायला नको.

लेखकाने ट्रायम्फ स्टॅगचे उदाहरण दिले आहे आणि त्यावर थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे. १९७० मध्ये आलेल्या या गाडीचे तीन लिटरचे व्ही-८ इंजिन तापण्यासाठी बदनाम झाले. ब्लॉक बिडाचा, हेड ॲल्युमिनियमची, ओतकामातली वाळू काही ब्लॉकच्या पाणीवाहिन्यांत तशीच राहिलेली, पाण्याचा पंप इतका उंचावर की पाणी थोडे कमी झाले तरी तो कोरडा पडावा, आणि टायमिंग चेन वेळेवर न बदलल्यास व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळण्याचा धोका. इतक्या गोष्टी एकत्र आल्या होत्या. तेव्हा अनेक मालकांनी वैतागून मूळ इंजिन काढले आणि रोव्हरचे साडेतीन लिटरचे व्ही-८ बसवले. आज चित्र निराळे आहे. ब्लॉकच्या पाणीवाहिन्या पूर्ण साफ केल्या, रेडिएटर चांगला घातला, गंजरोधक कूलंट वर्षभर ठेवले आणि चेन ठरावीक अंतराने बदलल्या, तर तेच मूळ इंजिन निर्धास्तपणे चालते. ज्यांनी ते भंगारात दिले, त्यांना आता हळहळ वाटते.

माझ्या मते इंजिनाच्या आयुष्याचा खरा निर्णय ते बांधताना होतो. माझ्या गाडीचे इंजिन मी पहिल्यांदा एका गॅरेजकडे दिले होते. तेथे बोअर केला, क्रँक दहा थाऊ (इंचाचे हजारावे भाग) घासला, नवी बेअरिंग घातली, बिलही चोख दिले; पण ब्लॉकमधल्या तेलवाहिन्यांची टोके बंद करणारे पितळी प्लग काढलेच नव्हते. बोअरिंगचा बारीक कीस त्या वाहिन्यांत अडकून राहिला होता. तो तेलाबरोबर बेअरिंगवर गेला आणि जेमतेम ९०० मैलांत खालून ठोका ऐकू येऊ लागला. क्रँक पुन्हा घासून वीस थाऊवर न्यावा लागला. दुसऱ्या वेळी यंत्रकाम तेवढे बाहेर करून घेतले आणि उरलेले सर्व काम घरी केले. प्रत्येक वाहिनीतून ब्रश फिरवला, रॉकेलने आणि नंतर गरम साबणपाण्याने ब्लॉक धुतला, लगेच तेल लावले, आणि प्रत्येक बेअरिंगची फट मोजल्याशिवाय कॅप आवळली नाही. त्यानंतर गाडी ४६,००० मैल चालली आहे आणि इंजिन तापल्यावरही तेलाचा दाब ६० पौंडांखाली येत नाही.

इंजिन उघडण्याची घाईही तितकीच वाईट असते. इंजिनाखाली तेलाचा डाग दिसला म्हणजे ते संपले, असे नाही. सुरुवातीच्या तीन बेअरिंगच्या इंजिनात क्रँकच्या मागच्या टोकाला रबरी सीलच नव्हते, तेल परत लोटणारे आटे होते, त्यामुळे थोडे तेल गळणारच. कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) कमी भरले तर सिलिंडरमध्ये चमचाभर तेल सोडून पुन्हा मोजावे. आकडा वाढला तर रिंगा झिजल्या आहेत, न वाढला तर दोष बहुधा व्हॉल्व्हमध्ये आहे आणि केवळ हेड उतरवून काम भागते. उतारावर ॲक्सिलरेटरवरून पाय काढल्यानंतर निळा धूर येत असेल, तर आधी व्हॉल्व्ह गाइड (व्हॉल्व्हची दांडी ज्यांत सरकते त्या नळ्या) पाहावेत. ट्रायम्फच्या मालकांनी मात्र एक तपासणी कधीही टाळू नये. क्लच दाबला असता क्रँकची पुली पुढे सरकताना दिसली, तर मुख्य बेअरिंगजवळचे अर्धचंद्राकृती वॉशर झिजले आहेत. ते सुटून ऑइल संपमध्ये (खालच्या तेलाच्या टाकीत) पडले, तर क्रँक थेट ब्लॉक कापू लागतो. काही पौंडांच्या वॉशरसाठी अख्खा ब्लॉक गेलेला मी पाहिला आहे.

हेड उतरवलेच आहे, तर एक्झॉस्टच्या बाजूला कठीण धातूच्या व्हॉल्व्ह सीट बसवून घ्याव्यात. ही इंजिने शिसेयुक्त पेट्रोलवर चालणारी होती, त्यातले शिसे मूळ सीटला झिजण्यापासून वाचवी, आणि ते पेट्रोल २००० साली ब्रिटनमध्येही बंद झाले, भारतातही. नवा कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) घातला असेल, तर पहिल्यांदा सुरू केल्यावर इंजिन आयडलवर सोडू नये. वीसेक मिनिटे दोन हजारांच्या वर फेरे ठेवावेत आणि जस्ताचे प्रमाण पुरेसे असलेले तेल वापरावे, नाहीतर कॅमवर टेकणारे सपाट टॅपेट कॅमला पहिल्याच दिवशी खरवडतात.

हे सारे आपल्या वाचकांना परके वाटू नये. १९५५ च्या एमजीए या एमजीच्याच गाडीतील बीएमसीचे (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचे) बी-सिरीज इंजिन १,४८९ सीसीचे होते, आणि १९५९ पासून आपल्या ॲम्बेसेडरमध्ये आलेले पेट्रोल इंजिन त्याच घराण्यातले, त्याच बोअरचे आणि त्याच स्ट्रोकचे होते. स्टँडर्ड हेराल्डचे ९४८ सीसीचे इंजिन पुढे वाढत जाऊन ट्रायम्फच्या स्पिटफायर गाडीत १,४९३ सीसीचे झाले. मुंबई-पुण्याच्या ज्या मिस्त्रींनी ॲम्बेसेडरची इंजिने तीन-तीन वेळा बांधली, त्यांना एमजीचे इंजिन बांधायला वेगळे काही शिकावे लागणार नाही. त्यांचे हात अजून चालू आहेत, तोवर मालकांनी त्यांच्याकडे जावे.

लेखकाच्या सल्ल्यात एक व्यावहारिक धोकाही आहे. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये केलेल्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या गाडीला व्हिंटेज म्हणून नोंदवायचे असेल, तर ती मूळ स्वरूपात हवी आणि तिच्या चेसिस, बॉडी अथवा इंजिनात मोठा फेरबदल झालेला नसावा. मूळ ब्लॉक मूळ पद्धतीने बांधून घेणे आणि त्या जागी दुसऱ्याच गाडीचे इंजिन बसवणे यांत मोठा फरक आहे. आपल्या पुरवणीने हा फरक पुढच्या एखाद्या अंकात वाचकांना जरूर समजावून द्यावा, अशी विनंती आहे.

आपला नम्र,
एक वाचक, कॉव्हेन्ट्री (इंग्लंड)