‘उपयोग काय?’ विचारण्याआधी

महोदय,

मूलभूत संशोधनाला पैसा देताना ‘याचा उपयोग काय?’ हा प्रश्न ठरलेलाच. १९७९ मध्ये कॅलिफोर्नियातील साल्क संस्थेत जीवशास्त्रज्ञ टोनी हंटर गाठी निर्माण करणाऱ्या विषाणूचे प्रथिन तपासत होते. ताजे बफर (चाचणीत लागणारे द्रावण) करण्याचा कंटाळा म्हणून जुनेच वापरले. त्याची आम्लता वाढलेली असल्याने फॉस्फेट टायरोसिनला (प्रथिनाच्या एका घटकाला) जोडले जाते, हे वेगळे दिसले. (आळसही असा फळतो!) असे फॉस्फेट जोडून पेशींना वाढीचे संदेश देणारी टायरोसिन कायनेज प्रथिने त्यातून उलगडत गेली. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगात असेच एक प्रथिन सतत चालू राहते. त्याला रोखणारी इमॅटिनिब गोळी अमेरिकेत मंजूर झाली ती २००१ मध्ये. तीन वर्षांच्या प्रकल्पातून औषधाची अपेक्षा धरणाऱ्यांनी ही २२ वर्षे मोजावीत.

– एक वाचक, पुणे