परदेशी विद्यापीठे येतील, पण आपल्या रिक्त पदांचे काय?

महोदय,

नवी मुंबईत आंतरराष्ट्रीय शैक्षणिक नगरी उभारण्यासाठी जून २०२५ मध्ये अ‍ॅबर्डीन, यॉर्क आणि वेस्टर्न ऑस्ट्रेलिया या विद्यापीठांसह पाच परदेशी संस्थांना इरादापत्रे देण्यात आली. ज्यांची ऐपत आहे त्यांना परदेशी पदवी घराजवळ मिळेल, हे चांगलेच आहे. मला काळजी वाटते ती गुणवत्तेच्या मोजमापाची.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या नियमावलीनुसार अशा विद्यापीठाला जागतिक क्रमवारीत, एकूण अथवा विषयवार, पहिल्या ५०० मध्ये स्थान असावे लागते किंवा एखाद्या क्षेत्रातील असामान्य प्रावीण्य दाखवावे लागते. क्यूएस या ब्रिटिश संस्थेच्या जागतिक क्रमवारीत मात्र ३० टक्के गुण सर्वेक्षणातून ठरणाऱ्या शैक्षणिक नावलौकिकाला आणि २० टक्के संशोधनाला मिळालेल्या संदर्भांना आहेत. वर्गातले अध्यापन तिथे थेट तपासले जात नाही, आणि जे तपासले जाते तेही मूळ देशातल्या विद्यापीठाचे असते. शुल्क व प्रवेशप्रक्रिया ठरवण्याची मुभा याच नियमावलीने या संस्थांना दिली असून शिष्यवृत्त्या त्यांच्या मर्जीवर सोडल्या आहेत. म्हणूनच त्यांना सवलती देताना राज्यातील गरजू विद्यार्थ्यांसाठी शिष्यवृत्तीच्या ठरावीक जागा सरकारने करारातच लिहून घ्याव्यात.

याच राज्यातील कित्येक अनुदानित महाविद्यालयांचे विभाग आज तासिका तत्त्वावरील शिक्षकांच्या बळावर चालले आहेत. नेट-सेट या प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षा उत्तीर्ण, अनेकदा पीएच.डी. झालेला हा शिक्षक घेतलेल्या तासांपुरते मानधन मिळवतो, सुट्टीत त्याची मिळकत थांबते आणि पुढच्या वर्षी काम मिळेल की नाही याची त्याला खात्री नसते. नॅकच्या मूल्यांकनाची आणि एनआयआरएफ या राष्ट्रीय क्रमवारीची माहिती जमवण्यात तोच राबतो, शोधनिबंधांची अपेक्षाही त्याच्याकडूनच केली जाते. जगाशी स्पर्धा करण्याची भाषा बोलणाऱ्या धोरणकर्त्यांनी अशा शिक्षकासमोर बसणाऱ्या विद्यार्थ्याचा विचार आधी करायला हवा, कारण मराठवाड्यातल्या किंवा विदर्भातल्या एखाद्या तालुक्यात घरातून पहिल्यांदाच पदवीपर्यंत पोहोचलेल्या मुलीला नवी मुंबईतील ते शुल्क परवडणार नाही. तिचे उच्च शिक्षण याच वर्गात व्हायचे आहे.

परदेशी विद्यापीठांच्या बाबतीत सरकारने जी तत्परता दाखवली, तीच सहायक प्राध्यापकांच्या भरतीत दाखवावी, मंजूर व रिक्त पदांची विद्यापीठनिहाय आकडेवारी दर वर्षी जाहीर करावी आणि पदे भरेपर्यंत तासिका तत्त्वावरील शिक्षकांना बाराही महिने मानधन द्यावे, ही विनंती.

– एक प्राध्यापक, छत्रपती संभाजीनगर