ग्रीस मे महिन्यातच मारा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

यांत्रिक मासेमारीवरची बंदी ३१ जुलैला संपते आणि दुसऱ्या दिवसापासून आमच्यासारख्या ओबीएम, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून लावायचं इंजिन, दुरुस्त करणाऱ्यांकडे एकच तक्रार सुरू होते: हँडल जड झालंय. मोठ्या ट्रॉलरचं आणि डोल जाळ्याच्या बोटींचं इंजिन आत बसवलेलं, सुकाणू वेगळं, त्यांचं दुखणंही वेगळं. मी बोलतोय ते फायबरच्या लहान होड्यांबद्दल, ज्यांच्या मागच्या फळीला इंजिन टांगलेलं असतं. नाखवा वर हेही सांगतो की मे महिन्यात बोट चढवली तेव्हा तर एका हाताने फिरत होतं. खरंच फिरत असणार. ते जड झालं ते दर्यात नाही, किनाऱ्यावर ताडपत्रीखाली.

इंजिन फळीला धरून ठेवणाऱ्या ब्रॅकेटच्या पोटात एक उभा दांडा असतो. हँडल वळवलं की अख्खं इंजिन त्या दांड्यावर फिरतं. हंगामभर रोज हालचाल होते, म्हणून आतलं ग्रीस खारं पाणी लागूनही कसंबसं काम करत राहतं. मग १ जूनपासून सगळं थांबतं. आत राहिलेलं मीठ पावसाळी हवेतली ओल ओढून घेतं, ग्रीस आवळतं आणि ब्रॅकेटच्या अॅल्युमिनियमवर पांढरी भुकटी धरते. ती भुकटी फुगून दांड्याला आवळून बसते. मुंबईच्या जून-जुलैत उघड्यावर ठेवलेलं दुसरं कुठलं लोखंड धड राहतं, की हे राहावं?

मग उपाय चालू होतात. कोणी रॉकेल ओततो, कोणी डिझेल, कोणी गाडीतून काढलेलं जळकं ऑइल. एखादा दिवस हलकं वाटतं, नंतर आधीपेक्षा जास्त जड होतं, कारण उरलंसुरलं ग्रीसही त्या रॉकेलने धुऊन नेलेलं असतं. हँडलवर लोखंडी पाइप चढवून जोर लावणारेही पाहिलेत. त्यात दांडा सुटत नाही, हँडल मोडतं. आणि असं इंजिन बघितलं की ‘याचं आयुष्य संपलं, नवीन घे’ म्हणणारा कोणीतरी भेटतोच. लाखाच्या घरातल्या वस्तूचा निकाल ग्रीसच्या एका डब्यापायी लागू नये, म्हणून हे पत्र.

आधी बघायचं ते फुकटात बघता येतं. हँडलच्या बऱ्याच इंजिनांना ब्रॅकेटजवळ एक छोटी खिट्टी किंवा स्क्रू असतो. तो आवळला की हँडल घट्ट होतं, ढिला केला की सुटतं. जाळं टाकताना हात मोकळा राहावा, बोट सरळ जात राहावी, म्हणून एकटा माणूस तो आवळतो आणि मग विसरतो. मागच्या हंगामात एक नाखवा टेम्पोत इंजिन घालून मढहून वळसा मारत आला होता. मी खिट्टी अर्धा फेरा फिरवली, इंजिन मोकळं. टेम्पोचं भाडं मात्र त्याला द्यावंच लागलं.

ज्यांच्या बोटीला गोल स्टिअरिंग आणि केबल आहे, त्यांनी इंजिनाकडचा जोड-रॉड सोडवावा आणि इंजिन हाताने डावी-उजवीकडे ढकलून बघावं. हलकं फिरलं तर दोष केबलचा किंवा स्टिअरिंगच्या खोक्याचा. जड असलं तर ब्रॅकेटचा. हे न बघता नवी केबल घालून घेतलेले लोक माझ्याकडे येतात, स्टिअरिंग होतं तेवढंच जड, खिशाला मात्र भोक.

केबलचं टोक इंजिनाच्या आडव्या नळीतून सरकतं, आणि खरा घोळ तिथे असतो. नट सोडवून केबल बाहेर ओढली की तिच्या टोकाच्या दांड्यावर वाळलेल्या चिंचेच्या कोळासारखं काळपट तपकिरी ग्रीस चिकटलेलं दिसतं. नखाने खरवडलं तर पापुद्रे निघतात. त्याच्यावर नवीन ग्रीस मारण्यात अर्थ नाही. नळी आतून ब्रशने आणि चिंधीने पुसून कोरडी करायची, केबलचं टोक बारीक पॉलिश कागदाने साफ करायचं, मगच ग्रीस लावून परत घालायचं. केबल न काढता निपलातून, म्हणजे ग्रीस गन लावायच्या छोट्या तोंडातून, ग्रीस भरायचं असेल तर स्टिअरिंग फिरवून केबलचं टोक आधी पूर्ण आत, नळीत घ्या. टोक बाहेर असताना भरलं तर ग्रीस पुढे कोंडतं आणि स्टिअरिंग एका बाजूला अडकून बसतं. केबलच्या प्लॅस्टिकच्या आवरणाला चीर पडून आत गंज गेला असेल तर तिथे ग्रीसचा उपयोग नाही, केबल बदला.

दोन्ही बाजूंना जड असेल तर वर सांगितलेलं बघायचं. एकाच बाजूला ओढत असेल तर पंख्याच्या वर, पाण्याखालच्या आडव्या पट्टीला लागलेला लहान पंखासारखा तुकडा बघा. बऱ्याच इंजिनांवर गंज स्वतःवर घेण्यासाठीही तोच असतो, त्यामुळे तो झिजतो, आणि बदलताना कोणी सरळच लावून देतो. बोट उजवीकडे ओढत असेल तर त्याचं मागचं टोक थोडं उजवीकडे करायचं, डावीकडे ओढत असेल तर डावीकडे. त्याच्यावर रंग मात्र मारू नका, गंज रोखायचं त्याचं काम बंद पडतं.

जड हँडलचा धोका वेगळाच असतो. ते नुसतं जड नसतं. आधी हलतच नाही, जोर वाढवला की एकदम सुटतं आणि पाहिजे त्यापेक्षा जास्त वळतं. आमच्या खाडीच्या तोंडाशी गाळ साचलेला, ओहोटीला वाट अरुंद, बाजूला लाट फुटते. तिथे असा झटका बसला तर माणूस तोल जाऊन बाहेर पडू शकतो. इंजिन बंद करणारी लाल दोरी मनगटाला बांधा हे सांगून माझं तोंड दुखलं. ती बहुतेकांच्या हँडललाच लोंबकळत असते.

आता मुद्द्याचं. बोट वर घेतली त्याच दिवशी इंजिन गोड्या पाण्याने धुवा. ब्रॅकेटच्या प्रत्येक निपलातून, हँडल इकडून तिकडे फिरवत, जुनं ग्रीस वरून-खालून बाहेर पडून नवीन दिसेपर्यंत ग्रीस मारा. ग्रीस बोटीचंच घ्या. गाडीच्या चाकाचं स्वस्त ग्रीस खाऱ्या पाण्यात टिकत नाही. निपल बुजला असेल तर काढून नवीन लावा, किंमत किरकोळ आहे. आणि पावसाळ्यात घरातल्या पोरालाच काम सांगा, आठवड्यातून एकदा जाऊन हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून यायचं. अडकून बसलेला दांडा सोडवायला आम्हाला गंज सोडवणारं तेल मारून, गरम हवा देऊन दिवसच्या दिवस घालवावे लागतात. तिथे कोणी पेट्रोलच्या टाकीशेजारी ब्लो टॉर्च पेटवू नये, एवढं तरी ऐका.

मच्छीमार सहकारी संस्थांना आणि मत्स्यव्यवसाय विभागाला विनंती एवढीच, की इंजिन देखभालीची शिबिरं घ्यायची असतील तर मेच्या शेवटच्या आठवड्यात, बोटी वर येतात तेव्हा जेट्टीवरच घ्या. नारळी पौर्णिमेच्या तोंडावर घेतलेल्या शिबिराला कोण येणार, प्रत्येकाचं लक्ष बोट पाण्यात ढकलण्याकडे. आमच्या वर्सोव्यात शिबिर ठरलं तर ग्रीस गन माझी. ग्रीस ज्याचं त्याने आणावं.

– एक ओबीएम मेकॅनिक, वर्सोवा, मुंबई