कणकेचा गोळा

वडगाव, बेळगाव
ज्येष्ठ वद्य एकादशी

चि. बाळीस अनेक आशीर्वाद.

परवा रात्री साडेदहाला तुझा फोन आला तेव्हा मागे लॅपटॉपची टकटक चालूच होती. "जेवलीस काय?" विचारलं तर "आता बसणार आप्पा" म्हणालीस आणि त्याच दमात कॉफी गाळून ठेवलीय हेही सांगितलंस. आई नुसती माझ्याकडे बघत राहिली. फोनवर मी काही बोललो नाही, बोललो असतो तर रागावल्यासारखं वाटलं असतं. म्हणून लिहितोय.

दिवाळीत आलीस तेव्हा वहीतली यादी दाखवलीस. जिम, योग, चित्रं, गिटार, पहाटे पाचला उठणं, सगळं 1 तारखेपासून. जिमचे वर्षाचे पैसे भरलेस आणि गेलीस 11 दिवस. हा तुझा आळस नाही, आळशी तू कधीच नव्हतीस. वेळ उरला की करू म्हणून ठेवलेली गोष्ट होत नाही, आणि पाच एकदम धरल्या की एकही हाताला लागत नाही. माझी स्वतःची 9 वर्षं अशीच गेली, म्हणून सांगतो.

तू तेव्हा लहान होतीस. मी उद्यमबागेत लेथवर होतो, घराचं कर्ज डोक्यावर, ओव्हरटाइम मिळाला की सोडायचा नाही असं ठरलेलं. चौदाव्या वर्षापासून गल्लीतल्या विठ्ठल मंदिरात पखवाज वाजवणारा मी, "हा महिना सरू दे" म्हणत म्हणत 9 वर्षं पखवाजाला हात लावला नाही. माळ्यावरून खाली काढला तेव्हा चामड्याची पुडी फाटलेली, ती ताणणाऱ्या वाद्या कडक झालेल्या. तोही काढला रक्तात साखर निघाली म्हणून. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या आणि विचारलं, "कामाशिवाय दिवसभरात काय करता?" मला उत्तर देता आलं नाही. ते न सुचणं मला साखरेपेक्षा जास्त लागलं.

मंदिरात भजनाला परत गेलो त्या एकादशीला साधा भजनी ठेका, 8 मात्रांचा, तोही हातात राहिना. चार आवर्तनं झाली की डावा हात मागं पडायचा. विणेकरी काका काही बोलले नाहीत, त्यांनी माझ्या हातात टाळ दिले. दोन महिने टाळच वाजवले. शेजारी आपला मागवाला विणकर बसायचा, मागावरून तसाच उठून आलेला, केसात सुताचा कापूस. एखाद्या भजनाला मी गेलो नाही की दुसऱ्या दिवशी तो दारात हजर, "निन्ने यल्ली होगिद्री?" काल कुठं होता, एवढंच विचारायचा. त्या एका प्रश्नानं मला कितीदा घराबाहेर काढलं म्हणून सांगू!

पण रोजचा हात बसला तो आईच्या कणकेमुळं. पखवाजाच्या उजव्या पुडीची शाई, म्हणजे मधला काळा लेप, कायमची असते. डाव्या पुडीला मात्र दर वेळी ओली कणीक थापायची, तेव्हा तो घुमतो, आणि वाजवून झालं की ती खरवडून काढायची. एवढ्यासाठी वेगळी कणीक मळायचा मला कंटाळा. मग आई रात्रीच्या चपात्यांच्या कणकेतला मुठीएवढा गोळा वाटीखाली झाकून ठेवायला लागली. तो दिसला की बसावंच लागायचं, नाहीतर सुकून दगड व्हायचा आणि अन्न वाया गेल्याचं जिवाला लागायचं. 20 मिनिटं, जास्त नाही. चपात्या रोज होतात, म्हणून पखवाजही रोज झाला. पहाटेचा गजर लावून मी कधीच बसलो नसतो. एकादशीला तर घरात उपास, चपात्या नाहीत, तरी ती मूठभर पीठ पखवाजासाठी म्हणून मळते.

तुझ्या खोलीत असा गोळा कुठला, ते तू शोध. पण तुझी खरी आवड त्या यादीत नव्हतीच. सायकल! अकरावीच्या पावसाळ्यात गल्लीतल्या मुलींबरोबर येळ्ळूरच्या राजहंसगडावर जायचीस, चढाला उतरून ढकलत. धुक्यात भिजून परत यायचीस तेव्हा जो चेहरा असायचा, तो पहिल्या पगाराच्या दिवशीही मला दिसला नाही. बंगळूरच्या रस्त्यावर सकाळी नऊला सायकल घालू नकोस, मला घास गिळणार नाही. रविवारी कब्बन पार्कात गाड्या बंद असतात हे तूच सांगितलं होतंस ना? तिथं जा. किलोमीटर मोजणारं ते घड्याळ घरी ठेव. आठवडाभर साहेबाला आकडेच देत असतेस, रविवारी कुणाला द्यायचेत? आणि एखादी मैत्रीण जोडीला घे, न आल्यावर "कुठं होतीस" विचारणारी.

तब्येतीचं दोनच सांगतो. आपल्या घरात साखर आहे, आजीला होती, मला आहे, म्हणून तुला आत्तापासून सांगतो. जेवण झालं की 15 मिनिटं झपझप चाल, गच्चीवर का होईना. चालताना पायांचे स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात, मी मशीनवर बोट टोचून स्वतः पाहिलंय. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला निदान 150 मिनिटांचा व्यायाम सांगते, रोजचं हे चालणं आणि रविवारची सायकल धरली की तिथवर पोचतेस. दुसरं, दुपारी चारनंतर कॉफी नको. कॅफिन निम्मं उतरायलाच पाचेक तास लागतात. "झोप लागत नाही आप्पा" म्हणतेस, ती झोप त्या पेल्यात जाते गं.

माळ्यावरची तुझी जुनी सायकल काल खाली काढली. दोन्ही ट्यूब बदलून आणल्या, ब्रेकच्या वायरी नव्या घातल्या. शुक्रवारी रात्री राणी चन्नम्मा एक्सप्रेसला बसलीस की शनिवारी सकाळी इथं. गडाचा चढ आता माझ्याच्यानं होणार नाही, मी येळ्ळुरात चहा घेत थांबेन.

आईनं परातीत मूठभर पीठ घेतलंय. साडेआठला भजन सुरू होईल, उठतो.

तुझा
आप्पा