दहावीचा निश्चयक आणि वाळूचे दाणे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

भौतिकशास्त्राचे २०२४ चे नोबेल पारितोषिक जॉन हॉपफील्ड आणि जेफ्री हिंटन यांना जाहीर झाले, तेव्हा कृत्रिम बुद्धिमत्तेविषयी भरभरून लिहिले गेले. परंतु याच हॉपफील्ड यांच्यासमवेत २०२२ चे बोल्ट्झमन पदक ज्यांना विभागून मिळाले, त्या दीपक धर यांचे काम नेमके काय आहे, हे शाळकरी मुलांना कळेल अशा मराठीत सांगितलेले माझ्या तरी वाचनात आलेले नाही. सांख्यिकी भौतिकीतील (असंख्य कणांच्या एकत्रित वागण्याचा अभ्यास करणाऱ्या शाखेतील) हा मानाचा सन्मान मिळवणारे ते पहिले भारतीय; आणि त्यांचे १९९० मधील गाजलेले संशोधन कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले आहे.

या संशोधनाचा विषय अगदी साध्या नियमाने चालतो. चौकटीच्या कागदावरील प्रत्येक घरात काही दाणे आहेत. एखाद्या घरात चार दाणे जमले की ते घर कोसळते आणि शेजारच्या चार घरांना एकेक दाणा देते. कडेच्या घराचे काही दाणे पटाबाहेर पडतात. सगळी घरे सारखी, सगळ्यांना नियम एकच, आणि प्रत्येकाचा संबंध फक्त शेजाऱ्यांशी. पेर बाक, चाओ तांग आणि कुर्ट विझेनफेल्ड यांनी १९८७ मध्ये ‘वाळूचा ढीग’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या अशा प्रारूपाकडे (मॉडेलकडे) लक्ष वेधले, कारण एकेक दाणा टाकत गेल्यास पट आपोआप अशा अवस्थेला येतो, की पुढच्या दाण्याने कधी काहीच होत नाही, तर कधी पटभर घरे कोसळत जातात. धर यांनी त्यात दडलेले काटेकोर बीजगणित दाखवले. एकाच वेळी अनेक घरे कोसळण्याच्या बेतात असतील, तर त्यांतले कोणते आधी कोसळवावे याने शेवटच्या मांडणीत काहीही फरक पडत नाही. दोन ओळी व दोन स्तंभांच्या पटावर प्रत्येक घरात तीन दाणे ठेवून एका कोपऱ्यात चौथा टाकला, तर कोणत्याही क्रमाने गेले तरी त्या कोपऱ्यात दोन आणि उरलेल्या तिन्ही घरांत एकेक दाणा राहतो. वाचकांनी पेन्सिल घेऊन हे जरूर करून पाहावे.

माझा मुद्दा याच्या पुढचा आहे. आपल्या दहावीच्या बीजगणितात निश्चयक (determinant), म्हणजे चौकटीत मांडलेल्या संख्यांवरून ठरावीक रीतीने काढलेली एक संख्या, शिकवला जातो, तो केवळ क्रेमरच्या पद्धतीने दोन समीकरणे सोडवण्यापुरता, आणि परीक्षा झाली की मुले तो विसरून जातात. आता दोनच शेजारी घरांचा पट घ्या. प्रत्येक घरात शून्य ते तीन दाणे असू शकतात, म्हणजे स्थिर मांडण्या १६. दाणे टाकत राहिल्यावर यांपैकी किती मांडण्या पुन्हा पुन्हा येत राहतील? धर यांच्या निष्कर्षानुसार दोन ओळी व दोन स्तंभांच्या चौकटीत कर्णावर ४ (कोसळताना घर गमावते ते दाणे) आणि उरलेल्या जागी उणे १ (शेजाऱ्याला मिळणाऱ्या दाण्यासाठी) लिहून निश्चयक काढायचा : ४ × ४ वजा (−१) × (−१), म्हणजे १५. वगळली जाते ती एकच मांडणी, दोन्ही घरे रिकामी असण्याची. कारणही सोपे आहे : घर रिकामे होते ते कोसळल्यानेच, आणि कोसळताना ते शेजाऱ्याला एक दाणा देऊन जाते, त्यामुळे एकदा भरलेली दोन शेजारी घरे पुन्हा एकाच वेळी रिकामी सापडत नाहीत. निश्चयक इथे मोजणीचे काम करतो, हे पाहिल्यावर ‘याचा उपयोग काय’ असे विचारणाऱ्या विद्यार्थ्याला शिक्षकांना निदान एक खरे उत्तर देता येईल.

याबरोबर एक सावधगिरीही हवी. या प्रारूपाच्या नावात वाळूचा ढीग असला तरी खरी वाळू ते मुकाट्याने पाळत नाही, कारण घसरणाऱ्या दाण्याला स्वतःचा वेग असतो. ऑस्लो येथील प्रयोगात, जो १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला, लांबट तांदळाचे ढीग सिद्धान्ताप्रमाणे वागले, पण गोलसर तांदळाचे वागले नाहीत. तेव्हा भूकंपापासून शेअर बाजारापर्यंत प्रत्येक पडझडीला हेच गणित चिकटवण्याचा उत्साह मला पटत नाही. गणित म्हणून ते पक्के आहे, एवढे पुरेसे आहे.

आपल्या विद्यार्थी पुरवणीसाठी एक कोडे सुचवतो. एका ओळीत तीन घरे घेतल्यास ६४ स्थिर मांडण्या होतात आणि निश्चयक येतो ५६. पुन्हा न येणाऱ्या आठ मांडण्यांपैकी सात वरच्या कारणावरून चटकन सापडतील. आठवी कोणती, आणि ती का येत नाही, हे मुलांनी कारणासह लिहून पाठवावे.

आपला,
एक निवृत्त गणित शिक्षक, सातारा