पैसे भरायच्या आधी एकदा हे वाच

प्रिय प्राजू,

तुझा परवाचा व्हॉइस मेसेज तीनदा ऐकला. नोकरी सोडणार, पायलट व्हायला फ्लाइंग करणार, काका घरावर लोन काढायला तयार आहेत आणि त्या फ्लाइंग स्कूलवाल्यांनी सांगितलंय की या महिन्यात सगळे पैसे एकदम भरले तर पाच लाख कमी. ऐकून खूप आनंद झाला आणि पोटात गोळाही आला, दोन्ही एकदम. फोनवर मी भरकटते आणि तू मध्येच "हो गं, कळलं" म्हणतेस, म्हणून लिहितेय. मोठं होईल, चहा घेऊन बस.

त्या पाच लाखांसाठी घाई करू नकोस. मी केली होती. तुला ते अर्धवट माहितीये, पूर्ण कधी सांगितलं नाही, कारण तेव्हा घरीसुद्धा सांगितलं नव्हतं. पहिल्या स्कूलमध्ये बाबांनी एकरकमी अठरा लाख भरले. ब्रोशरमध्ये सात विमानं होती. गेल्यावर हँगरमध्ये मोजली तर खरंच सात. पण दोघांना इंजिनच नव्हतं, एकाचा प्रोपेलर काढून भिंतीला टेकवून ठेवलेला, एक पार्टची वाट बघत इतके दिवस उभं की टायर खालून चपटे झालेले आणि पंखावर कबुतरांची घाण वाळलेली. उरली तीन. आठ महिन्यांत माझे ३१ तास झाले प्राजू, आणि सीपीएलला, म्हणजे कमर्शियल पायलट लायसन्सला, लागतात २००. रोज पहाटे साडेपाचला युनिफॉर्म घालून फ्लाइट लाइनवर, म्हणजे विमानं उभी असतात तिथे, जायचं, बोर्डवर आपलं नाव आहे का बघायचं, नसलं तरी बसून राहायचं कारण कोणी आजारी पडलं तर आपला नंबर लागेल, मग दहा वाजता ऊन चढलं की परत हॉस्टेल. बाबा रात्री फोन करायचे, "आज उडलीस का?" मी म्हणायचे, "नाही हो, वेदर नव्हतं." वेदर चांगलं असायचं.

म्हणून कुठल्याही स्कूलमध्ये गेलीस की "विमानं किती आहेत" हे विचारूच नकोस. विचार, आज सकाळी किती उडाली, आणि गेल्या महिन्यात सगळ्या स्कूलचे मिळून किती तास झाले. मग कागद-पेन घे. समज तीन विमानं चालू आहेत, प्रत्येक दिवसाला पाच तास उडतं (उन्हाळ्यात आपल्याकडे दुपारी हवा इतकी तापते की विमान चढत नाही आणि हादरे बसतात, त्यामुळे सकाळ आणि संध्याकाळच हातात असते), महिन्यात वीस दिवस फ्लाइंग होतं. झाले ३०० तास. विद्यार्थी ४० असतील तर एकेकीच्या वाट्याला महिन्याला साडेसात तास. २०० भागिले साडेसात म्हणजे सत्तावीस महिने, आणि यात जून ते सप्टेंबरचा पाऊस धरलेलाच नाही! तो धरलास तर तीन वर्षांच्या आसपास जातं. आणि ते तुला काय सांगतायत? पंधरा महिने. हे गणित त्यांच्यासमोरच कर आणि आकडे त्यांच्याकडूनच माग. सांगायचे नसतील तर उत्तर मिळालंच म्हणायचं.

बरं, रँकिंग. डीजीसीएने, म्हणजे विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाने, २०२५ च्या ऑक्टोबरपासून फ्लाइंग स्कूल्सचं रँकिंग सुरू केलंय, वर्षातून दोनदा येणार. तू बघितलंच असशील. चांगली गोष्ट आहे, आमच्या वेळी तेवढंही नव्हतं. पण पहिल्या यादीत ए डबल प्लस आणि ए प्लस या वरच्या दोन श्रेणींत एकही स्कूल बसली नव्हती, हे काकांनाही सांग. म्हणजे ती यादी चाळणी म्हणून वापर, पण तिच्या भरवशावर पैसे भरू नकोस.

जायचं कसं ते सांगते. अपॉइंटमेंट घेऊन गेलीस की काउन्सेलर एसी केबिनमध्ये बसवतात, कॉफी देतात, सिम्युलेटर दाखवतात. ते बघ, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे न सांगता जाऊन गेटबाहेरच्या टपरीवर बस. विद्यार्थी तिथेच येतात. सगळ्यात नव्याशी बोलू नकोस, तो अजून खुशीत असतो. जो दोन-अडीच वर्षं तिथेच आहे त्याला शोध आणि विचार, तास किती झाले. मुलींच्या हॉस्टेलला रात्री जाऊन ये, फ्लाइट लाइनपासून वॉशरूम किती लांब आहे तेही बघ, हे कोणी सांगत नाही पण वर्ष-दीड वर्ष राहायचंय. नाइट फ्लाइंगचं विचार, रनवेला दिवे आहेत का, कारण लायसन्सला पाच तास नाइट लागतं आणि जिथे सोय नाही तिथली मुलं दुसऱ्या विमानतळावर जायची वाट बघत महिनोन्महिने अडकतात. मल्टी इंजिनचंही, म्हणजे दोन इंजिनांच्या विमानाचंही, तेच, बऱ्याच ठिकाणी ते विमान एकच असतं आणि ते बसलं की सगळी बॅच बसते.

आत सोडलं तर एक गोष्ट नीट बघ. उड्डाणाच्या आधी टाकीतलं थोडं पेट्रोल एका पारदर्शक छोट्या नळीत काढतात. एव्हगॅस, म्हणजे हे विमानाचं पेट्रोल, निळसर असतं. ती नळी उजेडात धरून बघायची, पाणी असेल तर थेंब तळाशी बसलेला दिसतो. आता विद्यार्थी हे शांतपणे करतोय का, की नळी लावली, काढली, ओतली आणि चालला? आणि इन्स्ट्रक्टर घड्याळ बघत "चल चल" करतोय का, की त्याचं होईपर्यंत बाजूला उभा आहे? मला विचारशील तर सबंध ब्रोशरपेक्षा त्या दोन मिनिटांत जास्त कळतं.

हे इतकं का सांगतेय, त्याचं कारण आहे. पहिल्या स्कूलमध्ये एका सॉर्टीला, म्हणजे उड्डाणाला, टेकऑफ रोलमध्ये माझी सीट मागे सरकली. सेसना विमानाची सीट रेलवर असते, खाली एक पिन भोकात बसते, ती झिजली की नीट अडकत नाही. एकच खाच सरकली, पण पाय रडरच्या पेडलवरून सुटले आणि हात योक (विमानाचं स्टिअरिंग) धरून असल्यामुळे योक मागे ओढला गेला. इन्स्ट्रक्टर सर बाजूला होते, त्यांनी सांभाळलं. खाली आल्यावर मी टेक लॉग, म्हणजे विमानाच्या बिघाडांची वही, उघडला लिहायला, तर मला सांगितलं गेलं, "लिहू नको, विमान ग्राउंड होईल, मग तुमचंच फ्लाइंग जाईल." आणि मी नाही लिहिलं, प्राजू. पेन खाली ठेवलं. दुसऱ्या दिवशी त्याच विमानात माझी रूममेट सोलो, म्हणजे एकटी, गेली, आणि ती परत येईपर्यंत मी रनवेच्या कुंपणाला धरून उभी होते. त्या दिवशी ठरवलं इथे राहायचं नाही. बाबांना फोन करून सगळं सांगितलं, सीट, ३१ तास, वेदरचं खोटं, सगळं. ते बराच वेळ काही बोललेच नाहीत, मग म्हणाले, "बॅग भर, मी येतो." पैसे अर्धेही परत आले नाहीत कारण करारात तसं लिहिलेलं आणि आम्ही ते वाचलेलंच नव्हतं. लॉगबुक (झालेल्या तासांची वही) सर्टिफाय करून एनओसी मिळवायला अजून चार महिने गेले.

दुसऱ्या स्कूलमध्ये दुसऱ्याच आठवड्यात मी स्नॅग, म्हणजे बिघाड, लिहिला, डावा ब्रेक मऊ लागतोय म्हणून. घाबरत लिहिला. इंजिनिअर आले, बघितलं, विमान लाइनवरून काढलं, त्या दिवशी चार जणांचं फ्लाइंग गेलं आणि मला एक शब्द कोणी बोललं नाही. सर फक्त म्हणाले, "टॅक्सी करताना जाणवलं का? गुड." म्हणून टपरीवर त्या मुलांना हेही विचार, इथे स्नॅग लिहिला की काय होतं.

आता इन्स्ट्रक्टर. इथे जास्त वेळ घेणार आहे, कारण मधल्या काळात मी स्वतः उजव्या, म्हणजे इन्स्ट्रक्टरच्या, सीटवर बसायला लागलेय आणि तिथून वेगळंच दिसतं.

माझे पहिले इन्स्ट्रक्टर वाईट माणूस नव्हते, पण त्यांचा हात सतत त्यांच्या योकवर असायचा. दोन्ही योक जोडलेले असतात, त्यामुळे आपण ओढतोय की ते, कळतच नाही. १८ तास मला वाटत होतं लँडिंग मी करतेय. एक दिवस त्यांचा फोन पडला म्हणून ते खाली वाकले आणि विमान असं आदळलं की दात वाजले. मग ओरडा बसला, "इतके तास झाले, अजून येत नाही!" येणार कसं, मी एकही केलंच नव्हतं.

दुसऱ्या स्कूलमधले सर एअर फोर्समधून रिटायर्ड. पहिल्या सॉर्टीला त्यांनी "यू हॅव कंट्रोल" म्हटलं आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले. लँडिंगसाठी त्यांनी काय केलं माहितीये? उतरवलंच नाही. रनवेवर चार-पाच फुटांवर आणलं, थोडी पॉवर ठेवली आणि म्हणाले, असंच सरळ शेवटपर्यंत ने, टेकवू नको, नजर पार पुढच्या टोकाला. मग गो अराउंड, म्हणजे न उतरता परत वर. पुन्हा तेच. चौथ्या वेळी मला दिसलं की रनवे जवळ आला की कडा दोन्ही बाजूंनी वर येतात, आपण एखाद्या पसरट ताटात उतरतोय असं वाटतं, आणि तेव्हा योक हळूहळू मागे घ्यायचा असतो. त्यांनी हे आधी सांगितलं नव्हतं. खाली आल्यावर विचारलं, "काय दिसलं?" मी ताटाचं सांगितलं तर इतके खूश झाले! डीब्रीफ, म्हणजे उड्डाणानंतरचं बोलणं, रोज व्हायचं, कितीही उशीर झाला तरी, आणि रोज एकच चूक घ्यायचे.

सोलोचा दिवस कधी विसरणार नाही. ते माझी चाचणी घेऊन उतरले, उजव्या सीटचा बेल्ट स्वतः घट्ट बांधला म्हणजे तो कंट्रोलमध्ये अडकू नये, आणि दार लावताना म्हणाले, "हलकं लागेल, लवकर उचलेल, घाबरू नको." आणि खरंच, त्यांचं वजन नसल्यामुळे विमान रोजच्या जागेच्या कितीतरी आधी उचललं. एक सर्किट, म्हणजे विमानतळाभोवती एक फेरी. रेडिओवर ते एक शब्द बोलले नाहीत.

आता मी शिकवते तेव्हा कळतं ते हात मांडीवर ठेवणं किती अवघड आहे. वीस फुटांवर मुलाच्या हातातल्या विमानाचं नाक जरा वर राहिलेलं, स्पीड पाच नॉट कमी, हात आपोआप उचलतो. अजून एक सेकंद द्यायचा की नाही, तो स्वतःहून ओळखेल का, हे ठरवायला जो तयार असतो तोच शिकवणारा. आणि जो कधीच उचलत नाही तोही नको, कधी उचलायचा हे माहीत असलेला हवा. जमलं तर बॅकसीटला बसायची परवानगी माग आणि मागून फक्त इन्स्ट्रक्टरचे हात बघ.

बोलायला मिळालं तर त्यांना विचार, "सर, तुम्ही शेवटची सॉर्टी कॅन्सल कधी केली आणि का?" चांगल्या माणसाला लगेच आठवतं, बुधवारी, क्रॉसविंड होता, मुलगा नवा होता. "आम्ही सहसा कॅन्सल करत नाही" हे उत्तर आलं तर मला आवडणार नाही. अजून एक, तरुण इन्स्ट्रक्टर बरेचसे एअरलाइनच्या कॉलची वाट बघत असतात. मीपण बघतेय, त्यात काही चूक नाही. पण सरळ विचारून घे, तुम्ही मध्येच गेलात तर माझं कोण बघणार. माझे तीन इन्स्ट्रक्टर बदलले त्या पहिल्या आठ महिन्यांत आणि प्रत्येकाने पहिले पाच तास आधीच्याने शिकवलेलं मोडण्यात घालवले.

आणि कोणी तुला न उडता पेनाने तास भरून द्यायची भाषा केली, "क्रॉस कंट्री (लांब पल्ल्याचं उड्डाण) दाखवून टाकू", तर तिथून उठ. स्वस्त पडत असलं तरी. ३०० नॉटिकल मैलांची ती क्रॉस कंट्री तुला एकटीला करायचीये, दोन परक्या विमानतळांवर उतरून, आणि त्या दिवशी हवा बदलली की काय करायचं हे कागदावर शिकता येत नाही.

परदेशाचं म्हणशील तर तिकडे फ्लाइंग लवकर संपतं हे खरं, पण परत येऊन इथले पेपर आणि लायसन्सचं कन्व्हर्जन आहेच, तो वेळ आणि पैसा धरून तुलना कर. फुरसतगंजच्या इग्रुआची, त्या सरकारी फ्लाइंग अकादमीची, एंट्रन्स मात्र दे, हातचं सोडू नकोस, तिकडे डिसेंबर-जानेवारीत धुकं असतं तेवढं लक्षात ठेव.

आत्ता लगेच करायचं ते असं. राजीनामा देऊ नकोस. आधी क्लास टू मेडिकल आणि त्याच्यामागोमाग क्लास वन, पैसे भरायच्या आधी. चष्म्याची काळजी करू नकोस, चष्म्याने नीट दिसत असेल तर चालतं, पण बाकी काही निघायचं असेल तर ते आत्ता निघू दे, वीस लाख गेल्यावर नको. नोकरी करता करता नेव्हिगेशन, मेट (हवामान) आणि रेग्युलेशन्सचे पेपर सोडव, ७० टक्के लागतात, तुझ्यासाठी अवघड नाही. आणि पैसे कुठेही भरलेस तरी हप्त्याने, झालेल्या तासांप्रमाणे, आणि सोडून गेलं तर किती परत मिळणार हे करारात लिहून. ते नाही म्हणाले तर आपण दुसरीकडे.

माझा वीकली ऑफ मंगळवारी असतो. तुझ्या यादीतल्या पहिल्या स्कूलला आपण दोघी जाऊ. पहाटे पाचला टपरीवर असायला हवं म्हणजे सोमवारी रात्रीच निघावं लागेल, माझ्याकडे झोपायला ये. काकांना यायचं असेल तर जरूर येऊ दे, मला भेटायचंच आहे त्यांना, फक्त चेकबुक घरी ठेवायला सांग. मेडिकलची तारीख मिळाली की लगेच कळव.

तुझी,
मेघा