लीड्सहून आत्याला

ती. सौ. आत्यास,
साष्टांग नमस्कार.

परवा फोन मध्येच कट झाला, म्हणून सविस्तर लिहिते. बेडसोर, म्हणजे अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाला दाबाने होणाऱ्या जखमा, टाळायला पाठीला स्पिरिट-पावडर लावून चोळू नये असं तुझी नात म्हणाली आणि तुझा पारा चढला. साहजिक आहे. सिव्हिलच्या वॉर्डात तू जन्मभर बॅक केअर दिलीस, विद्यार्थिनींकडून करून घेतलीस.

इथे पहिल्या वर्षाच्या नर्सिंगच्या मुलांना माहिती शोधायला शिकवायचा तास असतो. मी आणि आमच्या ग्रंथपाल बाई मिळून घेतो. तुझाच प्रश्न वर्गात टाकला: चोळल्याने बेडसोर टळतात का? फोन हातात असला की सगळे पटाईत! अख्खं वाक्य गुगलमध्ये, वरची दोन-तीन पानं उघडायची, मग ती गाद्या विकणाऱ्यांची का असेनात. एकाने चॅटबॉटकडून संदर्भ आणले. लेखक, नियतकालिक, साल, सगळं झोकात. बाईंनी शोधले, तर त्यातले काही लेख कधी छापलेच गेले नव्हते.

मग प्रश्नाचे तुकडे करायला लावले: रुग्ण कोण, करायचं काय, त्याऐवजी दुसरं काय, आणि फरक कशात बघायचा. याला पिको म्हणतात. नुसतं ‘बेडसोर’ टाकून भागत नाही. कुणी प्रेशर अल्सर लिहितं, कुणी प्रेशर इंज्युरी, जुने लेख डेक्युबिटस म्हणतात. ही नावं ‘ऑर’ने जोडायची, म्हणजे त्यातलं कुठलंही एक असलं तरी लेख सापडतो; मसाज ‘अँड’ने, म्हणजे तो शब्द हवाच. सिनाल या नर्सिंगच्या डेटाबेसचे पैसे विद्यापीठ भरतं. पबमेड हा वैद्यकीय लेखांचा डेटाबेस मात्र फुकट आहे, मिरजेतही उघडतं.

सापडलं ते असं. उपचार कसे करावेत याच्या मार्गदर्शक सूचना काढणाऱ्या इंग्लंडच्या ‘नाइस’ या संस्थेने २०१४ साली स्पष्ट लिहिलंय की बेडसोर टाळायला त्वचा चोळू नका. झालेले अभ्यास गोळा करून तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०१५ च्या मसाजवरच्या आढाव्यात मात्र निकषांत बसणारा एकही अभ्यास मिळाला नाही. निम्म्या वर्गाने लगेच लिहून टाकलं, ‘मसाज निरुपयोगी असल्याचं सिद्ध झालं.’ अरे, कुणी धड तपासलंच नाही तर सिद्ध कुठून होणार? तासाचा बराचसा वेळ यावरच गेला आणि जायलाच हवा होता. डेटाबेसची बटणं काय, कुणालाही येतात.

मग ‘नाइस’ नको का म्हणते? दाबाखालच्या त्वचेला आधीच रक्त कमी मिळतं, चोळल्याने ती आणखी दुखावेल ही भीती. पण तू दर दोन तासांनी कूस बदलायला लावायचीस ना, ते अजून आहेच. जास्त धोका असलेल्याला निदान दर चार तासांनी, असं इथे सांगतात.

नातीला सांग, आजीशी वाद घालण्याआधी आपलं पाठ्यपुस्तक कितव्या सालच्या आवृत्तीचं आहे ते बघ. आणि त्यातल्या बॅक केअरच्या पानाचा फोटो पाठव म्हणावं, पुढच्या तासाला हवाय.

काकांना नमस्कार.

तुझी,
माधवी